ॲपलक्रॉस : एका वाडीचीं दोन नांवें

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्काय बेटाच्या पूर्वेस, ॲपलक्रॉस म्हणून एक वाडी आहे. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली पांढऱ्या घरांची एक रांग, एवढाच तिचा मुख्य विस्तार. इंग्रजी शिकलेल्या वाचकास या नांवांत सफरचंद व क्रूस दिसल्यावांचून राहत नाहींत. प्रस्तुत लेखकानेंही विद्यार्थिदशेंत या नांवावरून मठाच्या फळबागेचें एक सुरेख चित्र मनांत रंगवून ठेविलें होतें. तें सर्वस्वी खोटें होय.

आयर्लंडांतील बँगर मठाचा साधु मेल रूबा यानें इ. स. ६७३ मध्यें येथें मठ स्थापिला. आयरिश बखरींत या स्थळास ‘अपोरक्रोसन’ म्हटलें आहे. म्हणजे क्रोसन नदीचें मुख. यांतील पहिला शब्द गेलिक नव्हे. ॲबर्डीन या नांवांतील ‘अबेर’ तो हाच, आणि तो वेल्श भाषेशीं नातें सांगणाऱ्या पिक्ट लोकांच्या बोलींतला. गेलिक माणूस त्याच अर्थीं ‘इन्व्हर’ म्हणतो. इन्व्हरनेस हें त्याचें उदाहरण. तेव्हां मेल रूबाच्या आधीं या भूमीवर कोणाची भाषा नांदत होती, याची साक्ष हें नांवच देतें. पुढें पिक्टांची बोली लोपली, अर्थ विसरला, आणि इंग्रजी कानानें उरलेल्या ध्वनींत आपलें ओळखीचें फळ शोधून काढलें!

गेलिक लोकांनीं मात्र या गांवास ‘अ खोमरिख’ म्हटलें. याचा अर्थ अभयस्थान. मठाभोंवतींच्या सहा मैलांत शरण आलेल्यास कोणीं हात लावूं नये, अशी मर्यादा परंपरा सांगते. मेल रूबा ७२२ मध्यें वारला. मठही नाहींसा झाला. कोरीव क्रूसशिलांचे अवशेष तेवढे राहिले. पंडितांस जुनें म्हणून पहिलें नांव अधिक मोलाचें वाटतें. मला तसें वाटत नाहीं. तें नदी दाखवितें, हें माणसांचा व्यवहार दाखवितें.

१८२२ सालीं ‘ब्यालख ना बा’, म्हणजे गुरांची खिंड, ओलांडून येथें रस्ता आला. परंतु तो दोन हजार फुटांवर चढणारा, हिवाळ्यांत बर्फानें अडणारा. उत्तरेकडील किनाऱ्याचा रस्ता १९७० नंतरच्या दशकांत पुरा झाला. तोंवर तेथील कित्येक वाड्या ओस पडल्या होत्या, आणि ‘अ खोमरिख’ला निघालों असें सहज म्हणणारीं माणसेंही त्यांबरोबर बहुतेक गेलीं होतीं.