व्हरमाँट
अमेरिकी संघराज्यातील चौदावे राज्य (१७९१). नाव फ्रेंच, अर्थ ‘हिरवा डोंगर’. या मुलुखातील जमिनींच्या सनदा न्यू हॅम्पशायरच्या गव्हर्नरने वाटल्या होत्या. १७६४ मध्ये इंग्लंडच्या राजाने तो न्यू यॉर्कच्या हद्दीत घातला. न्यू यॉर्क जुन्या सनदा मानेना, तेव्हा ईथन ॲलनच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी हत्यारे उचलली. १७७७ मध्ये व्हरमाँटने स्वातंत्र्य जाहीर केले आणि पुढची चौदा वर्षे ते स्वतंत्र राहिले; या काळात काही वर्षे स्वतःची नाणीही पाडली. १७७७ च्याच राज्यघटनेने प्रौढांची गुलामगिरी निषिद्ध ठरवली. मात्र पुरुषांना एकविसाव्या आणि स्त्रियांना अठराव्या वर्षापर्यंत हे संरक्षण नव्हते, हे गौरवपर लेखनात सहसा गळते. अखेर न्यू यॉर्कला ३०,००० डॉलर देऊन जमिनीचा दावा मिटला आणि संघप्रवेशाचा मार्ग मोकळा झाला.