हृदयाच्या झडपेची कथा

लोहाराचा भाता आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आपण पुष्कळांनी पाहिला आहे. त्यातली पापडी वारा आत घेते, मागे जाऊ देत नाही. हृदयाच्या चार झडपांचे काम तेच. मात्र ते दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा करावे लागते.

महारोहिणीच्या मुळाशी रक्ताचे भोवरे उठतात आणि तेच झडपेच्या पाकळ्या मिटवू लागतात, हे लिओनार्दो द व्हिंचीने १५१३च्या सुमारास ओळखले. प्रयोगाने ते पटायला विसावे शतक उजाडावे लागले!

सांध्यांच्या तापाने झडपा आकसतात. १९६० साली अमेरिकेत स्टार आणि एडवर्ड्स यांनी पिंजऱ्यातल्या चेंडूची झडप बसविली. रोगी जगले, पण रक्ताला चेंडूस वळसा घालूनच जावे लागे. पुढे कलती चकती आली आणि वाट पुष्कळ मोकळी झाली. परंतु परदेशी झडप आपल्या शेतकऱ्याला परवडणार कशी? तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांनी स्वदेशी झडपेचा ध्यास घेतला. आधीचे नमुने फसले. चौथा ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रोग्याच्या हृदयात बसला. धातूच्या चौकटीतली त्याची प्लास्टिकची चकती स्वतःभोवती फिरते, म्हणून एकाच जागी झिजत नाही. आम्हांस ही युक्ती फार आवडते.

तरी अशा झडपेपाशी रक्त जेथे रेंगाळते तेथे गुठळी धरू शकते. म्हणून रक्त गोठू न देणारी गोळी जन्मभर, आणि रक्ततपासणी वरचेवर. संग्रामपूरकडच्या खेड्यातल्या माणसाला झडपेच्या किमतीबरोबर या खेपांचाही हिशेब मांडावा लागतो.