नदीपात्रातील सोने : हौशी शोधकांसाठी न्यूझीलंडची चौकट

नदीच्या वाळूतून परातीच्या साह्याने सोन्याचे कण वेगळे काढणे हा न्यूझीलंडमध्ये कायद्याने मान्य असलेला छंद आहे. देशाच्या दक्षिण बेटावरील नेल्सन-मार्लबरो, वेस्ट कोस्ट आणि ओटागो या प्रदेशांतील काही नदीपात्रे सार्वजनिक सुवर्णशोध क्षेत्रे म्हणून राखून ठेवण्यात आली आहेत. तेथे परवान्याशिवाय कोणालाही शोध घेता येतो आणि सापडलेले सोने स्वतःकडे ठेवता येते. मात्र ही मोकळीक ठरावीक पट्ट्यांपुरती आणि ठरावीक साधनांपुरतीच मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

ओटागो प्रदेशात १८६१ मध्ये गॅब्रिएल रीड यांना एका घळीत सोने सापडले आणि देशोदेशींच्या लोकांची तेथे रीघ लागली. पुढच्याच वर्षी ॲरो नदीतही सोने मिळाले व तिच्या काठी आजचे ॲरोटाऊन उभे राहिले. पहिला बहर ओसरल्यानंतर तेथे आलेल्या चिनी कामगारांच्या वस्तीचे अवशेष अद्याप जतन करण्यात आले आहेत. आज त्याच नदीत पर्यटक आणि स्थानिक हौशी मंडळी परात घेऊन उतरतात.

सोने कोठे साचते?

डोंगरातील गारगोटीच्या शिरा झिजल्यावर त्यांतील सोने प्रवाहात येते. शुद्ध सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, तर गारगोटीची सुमारे २.६५ पट असते. त्यामुळे प्रवाहाचा वेग मंदावतो तेथे, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूस, मोठ्या दगडांच्या आडोशाला आणि तळच्या कातळाच्या भेगांत, सोने खाली बसते. खडी भरलेली परात पाण्याखाली हलवीत राहिल्यास माती आणि हलकी वाळू कडेवरून निघून जाते. तळाशी लोहयुक्त खनिजांची काळी वाळू उरते. सोन्याचे कण असलेच तर याच वाळूत दिसतात.

अभ्रकाची चमक नवख्यांना फसवते. परंतु ती प्रकाशाच्या कोनानुसार बदलते. सोन्याचा पिवळेपणा सावलीतही कायम राहतो आणि सुईने दाबल्यास त्याचा कण न तुटता चेपतो. महाराष्ट्रात सराफांच्या दुकानांतील केर व राख धुऊन सोने-चांदीचे कण मिळवणारे झारेकरी याच तत्त्वाचा आधार घेतात.

मालकी आणि नियम

न्यूझीलंडच्या १९९१ च्या खनिज कायद्यानुसार देशातील नैसर्गिक सोने हे शासनाच्या मालकीचे आहे. सार्वजनिक क्षेत्रे ही त्या कायद्यातील सवलत होय. या क्षेत्रांत परात, फावडे, चाळणी यांसारखी हाताने चालवण्याची साधने वापरता येतात. इंजिनावर चालणाऱ्या साधनांना तेथे मनाई आहे. यंत्राने पात्र उपसल्यास काठ ढासळतात आणि गढूळ पाण्याने जलचरांच्या अधिवासाला धोका पोहोचतो. विशिष्ट जागेवर कोणालाही कायमचा हक्क सांगता येत नाही.

रत्नांचा नियम निराळा आहे. दक्षिण बेटावरील नद्यांत आढळणारा पौनामू हा हिरवा मौल्यवान दगड माओरी समाजात पिढ्यान्‌पिढ्या पूज्य मानला जातो. १९९७ च्या कायद्याने नाई ताहू या माओरी समूहाच्या पारंपरिक प्रदेशातील पौनामूची मालकी त्या समूहाकडे सोपवण्यात आली. त्यामुळे तेथील नदीत सोने शोधताना हा दगड दिसला, तरी तो उचलून नेता येत नाही. वेस्ट कोस्टच्या समुद्रकिनाऱ्यांवर मात्र काही मर्यादा पाळून नाई ताहूंनी लोकांना तो वेचण्याची मुभा दिली आहे.

भारतातील स्थिती

भारतात खनिजांचा शोध आणि खाणकाम यांचे नियमन १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने होते व त्यासाठी परवाना आवश्यक असतो. रांचीजवळ उगम पावणाऱ्या सुवर्णरेखा नदीच्या परिसरात अनेक कुटुंबे वाळू धुऊन सोन्याचे कण मिळवतात. मात्र तो छंद नसून तुटपुंज्या उत्पन्नाचे साधन आहे. मध्य प्रदेशातील पन्ना येथे नागरिकांना लहानसा भूखंड पट्ट्याने घेऊन हिरे शोधता येतात. सापडलेला हिरा सरकारी हिरा कार्यालयात जमा करावा लागतो. लिलावानंतर स्वामित्वधन वजा करून उरलेली रक्कम शोधकर्त्याला मिळते.

न्यूझीलंडला जाणाऱ्या हौशी पर्यटकांनी राखीव क्षेत्रांच्या सीमांचे सरकारी नकाशे आधी पाहणे आवश्यक आहे. सीमेबाहेर शोध घेण्यासाठी परवाना लागतो. तसेच डोंगराळ नद्यांची पातळी पावसानंतर झपाट्याने वाढत असल्याने पात्रात उतरण्यापूर्वी हवामानाचा अंदाज घेणे हितावह ठरते.