टारझनला वाचा फुटते

टारझन म्हटला, की वेलींना लोंबकळणारा, आरोळ्या ठोकणारा आणि मोजके तोडके शब्द बोलणारा रानगडी डोळ्यांपुढे येतो. वाचकहो, ही करणी सिनेमाची! १९३२ साली जॉनी वाइसमुल्लर पडद्यावर आला आणि तोच टारझन लोकांच्या मनात ठसला.

एडगर राइस बरोजच्या १९१२ सालच्या कथेतला टारझन निराळा. मेलेल्या आईबापांच्या झोपडीत त्याला चित्रांची पुस्तके सापडतात. अक्षरे त्याला आधी किडेच वाटतात. पण चित्राशी अक्षर ताडून पाहत हा पोरका पोर गुरूवाचून वाचायला शिकतो!

पडद्यावर हरवलेला हा शिकलेला टारझन टेलिव्हिजनने परत आणला. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत एनबीसीवर मालिका सुरू झाली. रॉन इलायचा टारझन शहरी जगाला विटून रानात परतलेला होता आणि स्वच्छ इंग्रजी बोलत होता. जेन नव्हती, सोबतीला जाय नावाचा अनाथ मुलगा होता. रान मात्र आफ्रिकेचे नव्हे, तर ब्राझील-मेक्सिकोचे! धाडसाची कामे इलाय स्वतः करी. त्यात त्याची हाडे मोडली, सिंहाचे दातही लागले.

सत्तावन्न भाग झाले आणि १९६८ साली मालिका आटोपली. आरोळीचा टारझन टिकला, अक्षरांचा पुन्हा मागे पडला. मी पडलो शाळामास्तर! आरोळी मुलांना शिकवावी लागत नाही. म्हणून वर्गात मी गोष्ट सांगतो ती झोपडीतल्या त्या पुस्तकांची. आणि मागच्या बाकावरची मुलेही तेवढ्यापुरती गप्प होतात.