फँटसी गेममधली गर्दी कोणाची? पार्श्वपात्रांमधील स्त्रियांचे प्रतिनिधित्व

फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये खेळणारा मुख्यतः एक पात्र चालवतो. गावातला लोहार, सराईचा मालक, वेशीवरचे पहारेकरी, बाजारातले विक्रेते, वाटेत अडवणारे दरोडेखोर ही बाकीची पात्रे संगणक चालवतो. त्यांना एनपीसी, म्हणजे नॉन-प्लेयर कॅरॅक्टर, असे म्हणतात. यातली बरीच पात्रे एखाद-दुसरे वाक्य बोलून निघून जातात. अनेकांना नावही नसते.

चर्चा मात्र नेहमी नायक-नायिकेची होते. आज अनेक गेममध्ये सुरुवातीलाच स्त्री की पुरुष हे निवडता येते, आणि समानतेचा प्रश्न सुटला असे मानले जाते. आम्हाला ते पटत नाही. ही निवड एका पात्रापुरती असते. नायिका निवडली म्हणून तिच्याभोवतीचा दरबार, फौज आणि बाजार बदलत नाही. त्या जगात सत्ता, काम आणि बोलण्याचा हक्क कोणाकडे आहे, हे गर्दीतूनच कळते.

आकडे काय सांगतात?

2023 मध्ये 'रॉयल सोसायटी ओपन सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील ग्लासगो आणि कार्डिफ विद्यापीठांच्या संशोधकांचा त्यात पुढाकार होता. त्यांनी 50 रोल-प्लेइंग गेममधील 13 हजारांहून अधिक पात्रांचे संवाद तपासले. पुरुष पात्रांच्या वाट्याला स्त्री पात्रांच्या सुमारे दुप्पट संवाद आले होते. स्त्री पात्रेच कमी असणे हे त्याचे एक कारण. पण त्या कोणाशी बोलतात आणि काय बोलतात, यातही पक्षपात आढळला. म्हणजे नुसती डोकी मोजून भागत नाही.

गर्दीतल्या स्त्रीला काम कोणते?

समीक्षक अनिता सार्कीशियन यांनी 2014 मध्ये आपल्या व्हिडिओ मालिकेत याच प्रश्नावर दोन भाग केले. अनेक गेममध्ये स्त्रिया केवळ सजावट म्हणून उभ्या केलेल्या असतात, ही त्यांची मांडणी. जग क्रूर आणि 'वास्तव' वाटावे म्हणून त्यांचे देह किंवा प्रेते दाखवली जातात. त्यांना स्वतःचे म्हणणे नसते. एवढे बोलल्याबद्दल सार्कीशियन यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील युटा स्टेट विद्यापीठातले त्यांचे व्याख्यान गोळीबाराच्या धमकीमुळे रद्द करावे लागले.

वेगळे उदाहरणही आहे. 'स्कायरिम' (2011) या गेममध्ये व्हाइटरन शहराच्या वेशीजवळ एड्रियन ही स्त्री लोहारकाम करते, आणि तिचा नवरा दुकान सांभाळतो. तिथल्या 9 प्रांतांपैकी 3 प्रांतांच्या प्रमुख सुरुवातीपासून स्त्रिया आहेत. दरोडेखोरांतही स्त्रिया दिसतात. कोणी भाषण देत नाही. त्या जगात ते साधेच मानलेले आहे.

असे का घडते?

पहिले कारण म्हणजे वारसा. या गेमची मुळे 1974 च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर खेळायच्या खेळात आहेत. त्याच्या 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीच्या 1978 च्या नियमपुस्तकात स्त्री पात्रांच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुषांपेक्षा कमी ठेवली होती. ती 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत गेली.

दुसरे कारण खर्चाचे सांगितले जाते. स्त्रीसाठी वेगळे शरीर, वेगळी हालचाल, वेगळा आवाज लागतो, असा युक्तिवाद असतो. 2014 मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या अॅक्शन गेममध्ये खेळण्यासाठी स्त्री पात्र का नाही, याचे उत्तर युबिसॉफ्टकडून असेच आले. त्याच मालिकेवर पूर्वी काम केलेले अॅनिमेटर जोनाथन कूपर यांनी मात्र हे एक-दोन दिवसांचे काम असल्याचे म्हटले. प्रश्न पैशाइतकाच प्राधान्याचा होता.

तिसरे कारण 'इतिहासात असेच होते' हे. ड्रॅगन उडतात, मेलेले उठतात, हे चालते. पहारेकरी बाई मात्र खटकते. शिवाय इतिहासात स्त्रिया शेती, विणकाम, व्यापार करतच होत्या. त्यांना वगळणे हा इतिहास नव्हे.

आपल्याकडे

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने 2020 मध्ये 'राजी' हा गेम आणला. भावाला सोडवायला निघालेली मुलगी त्याची नायिका आहे. तो रोल-प्लेइंग नव्हे, अॅक्शन-अॅडव्हेंचर प्रकारचा गेम आहे. पण गेम आता आपल्या शहरातही घडतात, हे त्यातून दिसते. या क्षेत्रात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे उद्या हाच प्रश्न येईल: गर्दीत कोणाला उभे करायचे?

खेळताना काय पाहावे?

1. पहारेकरी, सैनिक, व्यापारी, पुजारी यांत स्त्रिया किती?
2. किती स्त्री पात्रांना नाव आहे?
3. दोन स्त्रिया एकमेकींशी बोलतात का? कशाबद्दल?
4. म्हाताऱ्या, जाड, साध्या कपड्यांतल्या स्त्रिया दिसतात का?
5. स्त्रीचा मृत्यू ही तिची गोष्ट आहे, की दुसऱ्या कोणाच्या सूडाचे निमित्त?

एक तास खेळा, वहीत नोंद करा आणि मित्रमैत्रिणींच्या नोंदींशी ताडून पाहा. प्रतिनिधित्वाची मागणी मोजणीपासून सुरू होते, हे आपल्याला नवीन नाही.