पानशेत : लिहिलेलं आणि सांगितलेलं

भाचीने शाळेच्या इतिहास प्रकल्पासाठी पानशेतचा पूर घेतला. मुलगी नववीतली, आणि विषय घरातलाच. ताईच्या सासूबाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या, नारायण पेठेत नदीच्या अंगाला राहायच्या. भाचीने आज्जीला दोन दुपारी बोलतं केलं, वाचनालयात बसून त्या दिवसांतले जुने पेपर चाळले आणि अठरा पानं लिहून काढली. चांगली लिहिली आहेत, मावशी म्हणून नाही सांगत. पण शाळेची अट अशी की आठ मिनिटांत, कागद न वाचता सगळ्यांसमोर सांगायचं. पालक आणि आजी-आजोबांनाही बोलावणं होतं. म्हणून स्वारी माझ्याकडे आली.

पहिलं वाक्य होतं, "12 जुलै 1961 रोजी बांधकाम सुरू असलेले पानशेत धरण फुटून पुणे शहराची अपरिमित हानी झाली." कागदावर अगदी बरोबर. पण असं बोलतं कोण? पाठ्यपुस्तकांनी मुलांच्या तोंडात "करण्यात आले", "झाल्याचे दिसून येते" असं काय काय भरून ठेवलंय, ते आधी काढावं लागतं. मी म्हटलं, समोर तुझी मैत्रीण बसली आहे असं समज आणि सांग. मग आलं, "बुधवार होता. पाऊस चालूच होता." चला, सुरुवात झाली.

आकड्यांची एक गंमत झाली. खडकवासल्याचं धरण 1879 मध्ये पूर्ण झालं. त्यातलं 'एकोणऐंशी' दर वेळी घाईत 'एकोणनव्वद' व्हायचं. मराठी आकडे असे ऐन वेळी दगा देतात. शेवटी "ते धरण तेव्हाच ऐंशी वर्षांहून जुनं होतं" असं करून टाकलं. ऐकणाऱ्याला तेवढंच तर हवं असतं.

"पानिपत 1761, पानशेत 1961" हे तिला सुरुवातीला टाळीसाठी हवं होतं. पुण्यात हे प्रत्येकाच्या तोंडी असतं. मी नको म्हटलं. दोनशे वर्षांचं अंतर आणि पहिली दोन अक्षरं, यापलीकडे त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध?

खरी अडचण दोन धरणांची होती. आपण सगळे 'पानशेत फुटलं' म्हणतो आणि थांबतो. पानशेत आंबी नदीवर. मातीचं धरण, काम पुरतं झालेलं नसताना त्यात पावसाचं पाणी साठलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी ते फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्यात आलं. ते जुनं दगडी धरण भरून वरून वाहू लागलं, शहरात पाणी चढत गेलं आणि दुपारी खडकवासलाही फुटलं. म्हणजे ज्या म्हाताऱ्या धरणाचं नाव कुणी घेत नाही, त्याने काही तास तरी धरून ठेवलं. त्यात दिवसाची वेळ, म्हणून कितीतरी लोकांना घर सोडून उंचावर जाता आलं. हे लिहिताना नकाशा काढता येतो, बोलताना काय करायचं? तिने डावा हात पुढे केला. कोपरापाशी पानशेत, मनगटावर खडकवासला, तळव्यावर पुणे. ही युक्ती तिची स्वतःची, बरं का.

मग आला तो मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. कागदावर खाली तळटीप देता येते. बोलताना तळटीप कुठे द्यायची? ती वाक्यातच यावी लागते. "आज्जी सांगते", "त्या वेळच्या पेपरात आहे", "मला असं वाटतं" हे तिन्ही वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. नाहीतर ऐकीव, छापील आणि स्वतःचा तर्क यांची एकच खिचडी होते, आणि आत्मविश्वासाने बोललं की ती खपतेही.

नेमकं इथेच ती अडली. आज्जी ठाम सांगत होत्या की पाणी रात्री आलं. काळोख होता, आईने हात धरून ओढत नेलं, पर्वतीच्या पायथ्याशी बसून राहिलो. पेपरात मात्र सकाळ. भाचीने आज्जीचं ते वाक्य गुपचूप गाळलं होतं. आज्जी समोर बसणार, त्यांना चारचौघांत खोटं कसं पाडायचं?

मला ते गाळणं पटलं नाही. पुरानंतर शहरातली वीज गेली होती. दहा वर्षांच्या मुलीने आयुष्यातली पहिली रात्र घराबाहेर, मिट्ट काळोखात काढली, आणि तिच्या लक्षात राहिला तो काळोख. हे पेपरात कुठून मिळणार? खूप वेळ बोललो आम्ही यावर. शेवटी तिनेच वाक्य बांधलं, "पेपरात सकाळ आहे. माझ्या आज्जीला रात्र आठवते. मला वाटतं, पाणी सकाळी आलं आणि रात्र तिच्याकडे राहिली."

कार्यक्रमात हे वाक्य ती जरा घाईत म्हणाली, पण म्हणाली. बाकी भाषण ठीक झालं. स. गो. बर्व्यांकडे पुनर्वसनाचं काम सोपवलं गेलं, गोखलेनगरात पूरग्रस्तांची वस्ती उभी राहिली, हा भाग वेळेअभावी दोन वाक्यांत उरकला. मला हळहळ वाटली. असो.

आज्जी कार्यक्रमात काही बोलल्या नाहीत. घरी चहा घेताना म्हणाल्या, "रात्रच होती गं." भाची गप्प. मग कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "पण मग दादांचा डबा व्हायचा होता, तो कसा? आई पोळ्या लाटत होती. कणकेची परात तशीच राहिली ओट्यावर."

भाचीने वही काढली.