काळी, पांढरी आणि भिंतीची ओल

वराहमिहिरानें इसवी सनाच्या 6 व्या शतकांत रचिलेल्या बृहत्संहितेंत, वास्तुविद्येच्या अध्यायांत, गृहभूमीच्या ज्या परीक्षा दिल्या आहेत त्यांपैकीं दोन येथें विचारास घ्यावयाच्या आहेत. हातभर खड्डा खणावा व निघालेली माती पुन्हा त्यांतच भरावी. माती उरली तर भूमि उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर अनिष्ट. दुसरी अशी कीं, खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें जाऊन परत यावें. पाणी उणें झालें नसेल तर भूमि धन्य. पहिलीनें मातीचा घट्टपणा कळतो, दुसरीनें पाणी जिरण्याचा वेग. वास्तुग्रंथांच्या पोथ्या आपल्या संग्रहांतून पुष्कळ आहेत. हा श्लोक वाचून प्रत्यक्ष खड्डा खणणारा मात्र विरळा.

आतां ही परीक्षा दख्खनच्या काळ्या जमिनीस लावून पाहावी. काळींतील चिकण माती पाणी पिऊन फुगते व वाळली म्हणजे आकसून भेगाळते. वैशाखांत तो खड्डा पाणी भराभर पिऊन टाकील. आश्विनांत, भेगा मिटल्यावर, तेंच पाणी तसेंच उभें राहील. म्हणजे एकच भूमि एका ऋतूंत निंद्य व दुसऱ्यांत धन्य ठरावयाची! वराहमिहिर अवंतीचा, आणि माळव्यांतहि काळीच माती. तरी ऋतूचा निर्बंध त्यानें या परीक्षेस घातलेला नाहीं. पूर्वशास्त्रांचा संक्षेप करतांना त्यानें ती जशी आली तशी घेतली असावी, असें आमचें मत आहे.

आपल्या जुन्या कागदांतील काळी आणि पांढरी हे शब्द या बाबतींत अधिक बोलके आहेत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गांवठाण. यावरून पांढरी माती निवडून गांव वसविलें असें सरसकट अनुमान काढूं नये. पुष्कळ ठिकाणीं तो पांढरेपणा वस्तीनेंच आलेला असतो. चुलींची राख, पडक्या भिंतींची माती व गुरांचें मलमूत्र पिढ्यान्‌पिढ्या सांचून तें टेकाड बनतें. शेतकरी ही माती खत म्हणून शेतांत नेतात तें उगीच नव्हे; तींत सोऱ्याचा अंश असतो. आणि हीच माती भिंतींना व धाब्यांना वापरीत.

जुन्या वाड्याची ओल तपासणारा येथेंच फसतो. जोत्यापासून तीनचार फूट उंचीपर्यंत पोपडे सुटलेले, त्यांवर लोणा फुललेला, एवढें पाहून तो जमिनींतून पाणी चढतें असा निर्णय देतो. परंतु भिंतींतील क्षार पावसाळी हवेंतील दमटपणा स्वतःच ओढून घेतात. ओल मोजण्याचें विजेचें यंत्र लावावें तर तेंहि क्षारांमुळें अधिक ओल दाखवितें. म्हणून एका भेटींत निदान करूं नये. खालून चढणारी ओल उन्हाळ्यांतहि पुरती जात नाहीं. पावसाची ओल झडीच्या बाजूच्या भिंतीवर पावसामागून दिसते व उघाडीनंतर हळूहळू ओसरते. कौलांची गळती वरून खालीं ओघळ सोडते. ओल भिंतींतली कीं हवेंतली, हें ठरविण्यास भिंतीवर कांचेचा तुकडा कडा बुजवून चिकटवावा. खोलीच्या बाजूस दंव धरलें तर हवेंतली, आंतल्या बाजूस धरलें तर भिंतींतली. पेठांतून आणखी एक कारण हटकून पाहावें : रस्ता थरावर थर पडून चढलेला असतो व मूळचें उंच जोतें निम्में बुडालेलें असतें. पागोळ्यांचें पाणी मग भिंतीच्या पायाशींच मुरतें.

भेगेचेंहि तसेंच. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरपी गेलेली भेग उन्हाळ्यांत रुंदावून पावसाळ्यांत मिटत असेल, तर दोष बहुधा भिंतीचा नाहीं, खालच्या काळीचा आहे. भेगेवर कांचेची पट्टी दोहों बाजूंस पक्की बसवून तारीख लिहून ठेवावी. हालचाल चालू असेल तर पट्टी तडकते.

या निदानाची चूक महाग पडते. लोणा लागलेल्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा दिला कीं आंतली ओल बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो. ती वर चढते आणि भिंतींत दडलेले खांब व तुळयांचीं टोकें कुजवूं लागते. बाहेरून भिंत गुळगुळीत, पण बोटाच्या पेरानें ठोकली तर पोकळ वाजते. अशाच भिंतींत फडताळें असतात, आणि फडताळांत दप्तरें. सागाचें दार घट्ट बसतें, आंत हवा खेळत नाहीं. सर्वांत खालचा रुमाल मागच्या भिंतीस टेकलेला असतो, बुरशी तेथून धरते व वाळवीहि तेथूनच शिरते. वाड्यांत कागद पाहावयास गेलें असतां प्रथम तो खालचा रुमाल काढून त्याची पाठ पाहावी, मग फडताळाच्या मागच्या भिंतीस हात लावून पाहावा. दुरुस्तीचा विचार होईपर्यंत दप्तर आंतल्या चौकाकडील कोरड्या खोलींत, भिंतीपासून वीतभर दूर, लाकडी घडवंचीवर ठेवावें.